मैनाबाईंच्या हातचा दहीभात

मैनाबाईंच्या हाताला चव आहे, याबद्दल धायरीत दुमत नव्हतं. वादाला गावात बाकी विषय पुष्कळ होते. जुने बांध होते, टँकरचं पाणी होतं, बिल्डरने कबूल केलेले फ्लॅट आणि प्रत्यक्ष दिलेले फ्लॅट होते. पण बारसं असो की पूजा, कोशिंबीर मैनाबाईंनीच कालवायची हे ठरलेलं. चमच्याने कालवलेली कोशिंबीर ही त्यांच्या मते आळशांची सोय होती. काकडी, दही आणि दाण्याचं कूट हाताखाली एकजीव झाल्याशिवाय त्या पातेलं पुढे सरकवत नसत.

शेताच्या जागी इमारत उभी राहिली आणि त्याच इमारतीत मैनाबाई राहायला आल्या. नवरा संभाजीराव, मुलगा रणजित, सून उत्कर्षा आणि नात तनया. उत्कर्षा कोथरूडला नोकरीला, त्यामुळे तनया वाढली ती आजीच्या मांडीवर. शाळेतून आली की तिला दहीभात लागायचा. तोही आजीने हाताने कालवलेला आणि आजीनेच भरवलेला. दुसरीत गेलेली पोर शाळेत भराभर गणितं सोडवायची आणि घरी आली की तिला हात नसायचे. उत्कर्षा रागवायची. मैनाबाई म्हणायच्या, "मोठी झाल्यावर मागनार हाय का ती माझ्याकडं?"

याच घरात ताप यायला लागला. आधी रणजितला आला. टायफॉइड निघाला. मैनाबाईंनी त्याची सेवा केली आणि पाण्याची टाकी घासून घेतली. मग खालच्या मजल्यावर भाड्याने राहणारी दीपाली आजारी पडली, ती कॉलेजात शिकायची आणि मैनाबाईंचा डबा खायची. तिलाही तोच ताप. या वेळी कोपऱ्यावरच्या पाणीपुरीवाल्याला मैनाबाईंनी असं फैलावर घेतलं की त्या बिचाऱ्याने गाडी पार पुलापलीकडे नेली. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली, पण चोर कोण ते तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

मग तनया पडली. ताप रोज संध्याकाळी आदल्या दिवसापेक्षा वर जायचा. जीभ पांढरी झाली, पोट फुगलं. दवाखान्यात दाखल केल्यावर एका सकाळी तिला शौचातून रक्त गेलं. आतड्याची भिंत जंतूंनी सोलवटली आहे, ती फुटली तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी रणजितला बाजूला घेऊन सांगितलं. तो परत आला तेव्हा त्याच्या तोंडाकडे बघूनच उत्कर्षा भिंतीला टेकली.

आतडं फुटलं नाही. औषध लागू पडलं आणि ताप उतरायला लागला. मऊ भात द्या म्हटल्याबरोबर मैनाबाई डबा घेऊन हजर झाल्या. नातीच्या उशाशी बसून त्या घास करत होत्या, तेवढ्यात डॉक्टर अपूर्वा आल्या. त्या दारातच थबकल्या आणि त्या हाताकडे बघत राहिल्या.

"मावशी, घरात दोघांना आणि तुमचा डबा खाणाऱ्या मुलीला टायफॉइड झाला. तुम्हाला कधी झाला होता?"

"मला? मला काय धाड भरलीय," मैनाबाई अभिमानाने म्हणाल्या. "लग्नाच्या वर्साला तेवढा मुदतीचा ताप आलता. त्यो गेला तवापास्नं अंग कधी गरम न्हाई."

"मुदतीचा ताप म्हणजे टायफॉइडच. आणि पित्ताशयात खडे आहेत?"

"हायेत की. सोनोग्राफीत निघालं. पन दुखत न्हाईत, तर कापायचं कशाला?"

डॉक्टर खुर्ची ओढून बसल्या. तपासण्या कराव्या लागतील म्हणाल्या आणि त्या का, तेही सांगितलं. हा जंतू अन्नपाण्यातून पोटात जातो आणि आतड्याच्या भिंतीत शिरतो. शरीराच्या पहारेकरी पेशी त्याला गिळतात. दुसरे जंतू तिथेच मरतात. हा मरत नाही. गिळणाऱ्या पेशीच्या आतच ठाण मांडतो, तिथे वाढतो आणि तिच्याबरोबर यकृतात, प्लीहेत, हाडांतल्या मज्जेत जाऊन पोचतो. तिथून तो रक्तात उतरतो तेव्हा ताप भरतो.

"म्हंजी ज्या पोलिसानं धरायचं, त्याच्याच गाडीतनं हिंडतोय," कोपऱ्यात बसलेले संभाजीराव म्हणाले.

"तसंच. पुढे काही जणांमध्ये तो पित्ताशयात उतरतो. खडे असले तर त्यांच्यावर चिकट थर करून त्याखाली राहतो. तिथे औषधाचं फारसं चालत नाही आणि शरीरही त्याला बाहेर काढू शकत नाही. माणूस ठणठणीत असतो. जंतू मात्र पित्तातून आतड्यात आणि तिथून बाहेर पडत राहतात. हाताला, नखांत थोडे जरी राहिले तरी पुरे."

पुण्यात जुना भाडेकरू घर सोडत नाही, आणि मालकही कंटाळून त्याच्याशी भांडणं सोडतो. मैनाबाईंच्या शरीराने तसंच केलं होतं. सासरच्या पहिल्या वर्षी घरात घुसलेला हा पाहुणा त्यांच्या पित्ताशयात बिऱ्हाड थाटून बसला होता. त्यांना त्याने कधी त्रास दिला नाही. जो काही द्यायचा तो त्यांच्या हातचं खाणाऱ्यांना दिला.

तपासणीत तोच जंतू सापडला.

"मी अंघूळ केल्याबिगर चुलीला हात लावत न्हाई," मैनाबाई म्हणाल्या. पुन्हा पुन्हा तेच म्हणाल्या. संभाजीरावांनी समजूत घालायचा प्रयत्न केला. "मी जलमभर तुझ्याच हातचं खातोय. मी कुठं मेलो?" पण त्याने समाधान होण्याऐवजी मैनाबाई जास्तच रडल्या.

तपासणीत जंतू सापडायचा थांबेपर्यंत त्यांनी स्वयंपाक करायचा नव्हता. घरच्या बाकीच्यांना लस टोचली. उत्कर्षाने मोठी रजा टाकली आणि ती ओट्यापाशी उभी राहिली. ती सासूला टाकून बोलली नाही, हे खरं म्हणजे जास्त वाईट होतं. मैनाबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर स्टूल टाकून बसायच्या आणि आमटीत गूळ टाकायची आठवण करायच्या. उत्कर्षा गूळ टाकायची. तनया आपल्या हाताने जेवायला शिकली. एकदा ती ताट घेऊन आजीकडे आली, तर मैनाबाईंनी दोन्ही हात पदराखाली घेतले. पोरीला त्याचा अर्थ कळला नाही आणि ती हिरमुसून परत गेली.

एका संध्याकाळी भांडी घासता घासता उत्कर्षा पाठमोरीच म्हणाली, "माझी पोर गेली असती, आई."

"व्हय," मैनाबाई म्हणाल्या.

आपण प्रेमाने केलं म्हणून ते कमी घातक झालं नाही, एवढं त्या बाईला कुणी न सांगता कळलं होतं. मग त्यांनी रणजितला हाक मारली. ज्या ऑपरेशनला त्या इतकी वर्षं हुलकावणी देत आल्या होत्या, त्याबद्दल म्हणाल्या, "काढून टाका म्हनावं त्यांना. ती पिशवी बी आन् खडे बी."

पित्ताशय काढलं. औषधाचा लांबलचक कोर्स झाला. डॉक्टरांनी खडे छोट्या बाटलीत घालून दिले. हरभऱ्याच्या डाळीएवढे पिवळट खडे. मैनाबाईंनी बाटली उजेडात धरून बराच वेळ पाहिली आणि रणजितला म्हणाल्या, "घरात आनू नकोस हे." त्यानंतर पुन्हा पुन्हा तपासण्या झाल्या, कारण हा जंतू कधी दिसतो, कधी दडून बसतो. शेवटी डॉक्टर अपूर्वांनी सांगितलं, "मावशी, आता करा स्वयंपाक. हात मात्र साबणाने नीट धुवायचे, सगळ्यांनीच."

पण मैनाबाई उंबऱ्याबाहेरच राहिल्या. गुडघे दुखतात म्हणाल्या, सुनेचा हात आता बसलाय म्हणाल्या. गावात पूजेचं बोलावणं आलं तेव्हा त्यांनी डोकं दुखल्याचं सांगितलं. कोशिंबिरीचं नाव निघालं की जीव कसा नकोसा होतो, ते त्या कुणाला सांगणार?

उत्कर्षा पुन्हा नोकरीवर जाणार, त्याच्या आदल्या दुपारी तनया शाळेतून आली. उत्कर्षाने ताटात भात वाढला, वर दही घातलं, मीठ घातलं, आणि न कालवता ते ताट बाहेर नेऊन मैनाबाईंच्या स्टुलाशी ठेवलं. तनया मांडी घालून समोर बसली. तिने आ वासला.

मैनाबाईंनी ताटाकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं आणि त्या बेसिनपाशी गेल्या. साबण लावला, बोटांच्या बेचक्या चोळल्या, बांगड्या वर सारून मनगटं चोळली, नखं घासली. हात धुतले. मग पुन्हा साबण घेतला. तिसऱ्यांदाही घेतला. पाणी वाहत होतं आणि त्यांचे हात थांबत नव्हते.

उत्कर्षा मागून आली. तिने हात पुढे करून नळ बंद केला.

"झाले आई हात धुऊन," ती म्हणाली. "चला आता, पोर थांबलीय."