रक्तातलं कॅल्शियम आणि माझी ताई

"तुमच्या रक्तात कॅल्शियम फार वाढलंय. गोळ्या आजपासून बंद," पेणचे डॉक्टर म्हणाले. मला वाटलं, रिपोर्ट दुसऱ्या कोणाचा तरी असेल. हाडं दुखतात म्हणून वर्षभर मी कॅल्शियमच्याच गोळ्या खात होते. नुसता हंडा उतरवताना मनगट मोडलं होतं. वय जेमतेम पस्तीस.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. त्याआधी दोनदा मुतखडा झाला होता. सारखी तहान लागायची. आणि एक मरगळ. नवरा धरमतरकडच्या मिठागरावरून घरी यायचा, तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून पडलेली असायचे. जगण्यातच मन लागत नव्हतं.

डॉक्टरांनी पीटीएच या तपासणीसाठी रक्त मुंबईला पाठवलं. रिपोर्ट आल्यावर समोर बसवून समजावलं. मानेत थायरॉईडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात, त्या पॅराथायरॉईड. रक्तातलं कॅल्शियम कमी झालेलं त्यांना कळतं. मग त्या पीटीएच सोडतात आणि हाडांतलं कॅल्शियम रक्तात उतरतं. पुरेसं झालं की थांबतात.

"तुमच्या ग्रंथींना पुरेसं झालेलं कळतच नाही," डॉक्टर म्हणाले. "हे त्यांना कशामुळे कळतं, तेसुद्धा शास्त्रज्ञांना आत्ता कुठे सापडलंय. यावर औषध नाही. ऑपरेशन करावं लागेल."

ऑपरेशन मुंबईच्या मोठ्या इस्पितळात झालं. सर्जन म्हणाले, "बहुतेकांची एकच ग्रंथी बिघडते. तुमच्या चारही वाढल्या होत्या. साडेतीन काढल्या." मग त्यांनी विचारलं, "घरात आणखी कोणाला असा त्रास?"

मला माझी ताई आठवली. रोह्याजवळच्या वरसे गावात दिलेली. तिलाही मुतखडे, तिचीही हाडं दुखायची, तीही तशीच पडून राहायची. सासरचे म्हणायचे, बाहेरचं लागलंय. माहेरी आली की आई म्हणायची, "सोंगा करते. कामाचा कंटाला." दोन वर्षांपूर्वी तिच्या किडन्या निकामी झाल्या आणि ती गेली.

सर्जनना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "हा आजार घराण्यात उतरतो, ताईंच्या किडन्याही त्यानेच गेल्या असणार; त्यांच्या मुलांचं रक्त तपासून घ्या."

दुसऱ्या दिवशी ओठांना मुंग्या आल्या, हाताची बोटं आखडली. रिकामी झालेली हाडं आता रक्तातलं कॅल्शियम ओढून घेत होती. शिरेतून कॅल्शियम दिलं, तेव्हा कुठे बोटं सुटली. मला घाबरायचंही त्राण नव्हतं. डोळ्यांपुढे ताईच होती.

घरी आल्यावर आई माझं करायला आली. वाल सोलत बसली होती, तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. तिचे हात थांबले.

"म्हंजे माझी पोर सोंगा करत नव्हती?"

"नव्हती," मी म्हटलं. ती उठून मागच्या दारी गेली. बराच वेळ आत आली नाही.

ताईची मुलगी वरशालाच होती, एकोणीस वर्षांची. तिचं रक्त तपासायचा निरोप धाडला, तर भावजींनी कळवलं, "तिचा लगीन बघतोय. आजाराचा नाव काढू नका." ताई गेल्यापासून आईने त्या घरी पाऊल ठेवलं नव्हतं. ती एकटी एस्टीने गेली. भावजींना काय बोलली ते तिने कधीच सांगितलं नाही, पण संध्याकाळी पोरीला घेऊन आली.

तिचंही कॅल्शियम वाढलेलं निघालं. किडन्या मात्र चांगल्या होत्या.

माझी हाडं हळूहळू भरली. एक किडनी कायमची अधू राहिली, तिच्यासह जगते. घरात कोणी सारखं दुखतं म्हणत असेल आणि काही सापडत नसेल, तर एकदा रक्तातलं कॅल्शियम तपासून घ्या. एवढ्यासाठीच हे लिहिलं.

त्या दिवशी आपला रिपोर्ट ऐकून ताईची पोर दवाखान्याच्या बाकावर रडत बसली. आई तिच्या शेजारी बसली, तिचा हात मांडीवर घेतला.

"जरा जरी दुखला तरी सांग गो बाय," ती म्हणाली. "आता मी आयकतंय."