अक्काचे दूध नासले नव्हते

स्नेहीजनहो, आज दुपारी साताऱ्याच्या दवाखान्यातून परतल्यापासून मन अस्वस्थ आहे, म्हणून हे लिहितो.

माझ्या थोरल्या बहिणीची, अक्काची, नात सध्या बाळाला अंगावर पाजते. तिच्या स्तनात गाठ आढळली होती. सर्व तपासण्या पाहून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ही कर्करोगाची गाठ नाही. बाळंतपणानंतर संप्रेरके बदलतात, दुधाची नलिका तुंबते; त्यातून ही झाली आहे. बाळाला पाजत राहा."

अक्काने विचारले, "म्हंजी गाठीनं दूध नासत न्हाई?"

"नाही हो, आजी."

सत्तरच्या दशकात, पाटणला, अक्कालाही अशीच गाठ झाली होती. दूध नासले असे ठरवून सासूबाईंनी तिचा तान्हा मुलगा जावेच्या ओटीत घातला. गाठ यथावकाश विरली. मुलगा मात्र जावेलाच 'आई' म्हणू लागला.

आजची रुग्ण ही त्याच मुलाची लेक. आम्ही परतत असताना पुण्याहून त्याचा फोन आला. "काकू, काय म्हणाल्या डॉक्टर?"

"समदं बरं हाय, बाळा," अक्का एवढेच म्हणाली.

गाठीचे कारण आज कळले. इतक्या वर्षांनी कळलेल्या या कारणाचे अक्काने आता करावे तरी काय?