एकच मासा, दोन जाती

“विश्वंभर सर, तुमच्या त्या माशांवरच्या निबंधाचा आधार आजवर दोनशे बारा संशोधकांनी घेतला, असं पेपरात वाचलं. मासे, पाणी, शेती, वर वैद्यकशास्त्रसुद्धा! अभिनंदन.”

इथवर लिहून पद्माबाई थांबल्या. हिंगोलीच्या एका कॉलेजात सरांच्या प्रयोगशाळेत त्या सहायक होत्या. सिद्धेश्वर धरणावर चार वर्षं चिखल तुडवून मासे मोजले त्यांनी, आणि निबंधावर नाव एकट्या सरांचं!

निबंध छपाईला जायचा, त्या दिवशी बाई सरांकडे गेल्या होत्या त्यातली चूक सांगायलाच. मासेमारी करणाऱ्या कोंडीबा भोयानं धरणावर त्यांना हसून म्हटलं होतं, “काहून दोनदा मोजून राहिल्या बाई? लहानपणी एक नाव, मोठेपणी दुसरं. मासा एकच!”

पण टेबलावर छपाईला निघालेला कागद दिसला. त्यावर आपलं नाव नाही, हेही दिसलं.

सर म्हणाले, “बाई, या दोन जाती वेगळ्याच ना? एकदा भोयांना विचारून या.”

“व्हय सर, जाते,” म्हणाल्या आणि सरळ घरी जाऊन भाकरी थापल्या.

आता ती चूक दोनशे बारा ठिकाणी पोचली होती. बाईंनी पत्र पुरं केलं: “भोयांना विचारायला धरणावर जायचं मात्र तेव्हा राहूनच गेलं, सर.”