गुळाची भिंत

आमचे हे शिरोलीच्या एका कारखान्यात इंजिनियर होते, आणि सत्तरच्या दशकात त्यांना विटेशिवाय घर बांधायचं होतं. काँक्रीटची पॅनेलं जमिनीवर आडवी ओतायची, आवळली, म्हणजे घट्ट झाली, की कप्पीने उभी करून जोडायची. वाळू फाउंड्रीत वापरून टाकलेली. वीट म्हणजे सुपीक माती भाजणं, असं त्यांचं म्हणणं.

माझे सासरे, आबा, यांना हे झोंबलं. शिरोळला त्यांचा उसाचा मळा होता, आणि लेकाच्या घरासाठी त्यातल्याच मातीच्या विटांची भट्टी लावायची त्यांनी ठरवलं होतं. "त्या पत्त्यांच्या बंगल्यात म्या पाऊल ठेवणार न्हाय," असं भर अंगणात ओरडून ते गेले. सासूबाई गेल्यापासून आबा एकटे होते, आणि हे घर मुळात त्यांना आणण्यासाठीच होतं. ते सांगायचं सोडून हे मातीवर भाषण देत बसले. मला असा राग आला होता!

शेवटचं पॅनेल ओतायच्या दिवशी आबा न सांगता आले. थेट पाण्याच्या पिंपापाशी जाऊन बसले. मला तेवढंच पुष्कळ होतं.

दुसऱ्या दिवशी पॅनेल ओलंच. तिसऱ्या दिवशीही बोट दाबलं की खळगा पडे. हे सिमेंटवाल्याच्या नावाने शिव्या घालत असतानाच मला मुंग्या दिसल्या. साच्याच्या फळीवरून थेट पॅनेलवर रांग लागली होती.

"आबा, पाण्यात काय घातलंत?" मी विचारलं.

"गूळ. आपल्या घरच्या चुन्यात माझ्या आज्ज्यानं घातलता. भिंत अजून हलत न्हाय."

चुन्याला गूळ चालतो, सिमेंटला तो आवळूच देत नाही. आता यांच्या तोंडून एक वाकडा शब्द गेला असता, तर आबांनी शिरोळची एसटी धरली असती आणि पुन्हा तोंड दाखवलं नसतं. यांनी पॅनेलवर पुन्हा एकदा बोट दाबून पाहिलं. मग म्हणाले, "ओली पोती टाकून झाकू. बघू."

आबा राहिले. रोज तेच पोती भिजवत. पॅनेल सावकाश आवळलं. हातोडीने ठोकल्यावर खणखणीत वाजलं, तरी उचलताना ते मोडेल ही यांची धास्ती जाईना.

उभं करायच्या दिवशी यांनी सगळ्यांना लांब पिटाळलं. गड्यांनी साखळी ओढली, पॅनेलची कड उचलली, आणि आबा चालत जाऊन थेट पुढ्यात उभे राहिले.

"आबा, बाजूला व्हा की!" वडिलांवर आवाज चढवताना मी यांना पहिल्यांदाच ऐकलं.

"पडलं तर माझ्यावर पडू दे. गूळ म्या घातलाय."

ते हलेनात. तेव्हा हेही जाऊन त्यांच्या शेजारी उभे राहिले आणि गड्यांना म्हणाले, "ओढा." दोघांनाही धरून बदडावंसं वाटलं मला. साखळी कुरकुरत होती. पॅनेल एकदा हललं, थांबलं, आणि मग सरळ उभं राहिलं.

गड्यांनी टेकू लावले. आबांनी पॅनेलवर तळहात टेकला.

"कुठल्या खोलीची ही भिंत?"

"तुमच्या," मी म्हणाले.

आबा माझ्याकडे वळले. "मग मुंग्या मलाच चावणार की," म्हणाले, आणि धोतराच्या सोग्याने डोळे पुसू लागले.