अर्ध्या रिकाम्या हॉलला वन्स मोर

एका इंग्रज व्हायोलिनवालीचं चरित्र ज्याला पाठ नाही, असा मराठी माणूस लंडनच्या हॅरोत सापडला, तर तो आमच्या शेजारच्या काकांच्या तावडीत अजून आलेला नाही असं खुशाल समजावं. काका मूळचे साताऱ्याचे, दातांचे रिटायर्ड डॉक्टर. समोरच्याच्या तोंडात ड्रिल घालून बोलायची जन्माची सवय, त्यामुळे मध्येच कोणी उत्तर देऊ शकतं हे त्यांना मान्यच नाही. शंभर वर्षांपूर्वी गावोगाव दौरे करणारी ही बाई त्यांना एका म्हाताऱ्या पेशंटकडून मिळाली. पेशंट तिची भाची. म्हातारी गेली, मावशी काकांकडे राहिली. गणपतीची आरती संपून प्रसाद हातावर पडायच्या आत काका सुरू : "बोट हेलकावे खातेय, ट्रंका घरंगळताहेत, आणि आमची बाई व्हायोलिन पोटाशी धरून बसलीय!" यावर काकू म्हणत, "मला आणायला कधी हीथ्रोला आला नाहीत. हिच्या मात्र बोटीवर चढून बसता!"

बाईचा शेवटचा कार्यक्रम नॉटिंगहॅमला झाला. दुसरं महायुद्ध सुरू झालेलं, हॉल अर्धा रिकामा, वन्स मोर कोणीच दिला नाही. त्यानंतर तिनं व्हायोलिन हातात धरलं नाही. हे काकांच्या फार जिव्हारी लागलेलं. शेवटी गेल्या मार्चमध्ये त्यांनी मला गाडी काढायला लावली. काकूही आल्या, "हे तिथे काय करतील नेम नाही," म्हणून.

हॉलचं आता कार्पेटचं दुकान झालंय. "स्टेज कुठे होतं?" काकांनी दुकानातल्या बाईंना विचारलं. "स्टेजचं माहीत नाही, लव्ह," त्या तिकडच्या रिवाजाप्रमाणे लाडानं म्हणाल्या. "तिकडे बाथरूमचं लिनोलियम आहे." काका लिनोलियमसमोर ताठ उभे राहिले आणि साताऱ्याच्या नाटकाला शोभेल अशा आवाजात ओरडले, "वन्स मोर!" कार्पेट निवडणाऱ्या जोडप्याच्या हातून नमुने पडले. काकूंनी कपाळावर हात मारला. दुकानातल्या बाईंनी मात्र सगळी हकिकत ऐकून रेडिओ बंद केला आणि विचारलं, "वाजवायची कशी हो ती?"

"ठाऊक नाही," काका म्हणाले. "तिची एकही रेकॉर्ड निघाली नाही."

परतताना मी विचारलं, "काका, मग ती चांगली वाजवायची हे कशावरून?"

"भाचीनं लहानपणी ऐकलं होतं ना. सांगायला लागली की चूळ भरायचंसुद्धा विसरायची."

मग हॅरो येईपर्यंत ते बोलले नाहीत. काकूंनी मागच्या सीटवरून दोनदा वाकून त्यांच्याकडे पाहिलं.