सोबतीला बॅटरीबाई

बॅटरीबाई पहिल्यांदा दारात आल्या तेव्हा मी सासूबाईंची चादर पिळत होते. सासूबाई चार वर्षं अंथरुणाला खिळलेल्या, त्यामुळे रोज एक चादर असतेच. पुढच्या खोलीत यांचं शिवणाचं दुकान. मशीन, कापायचं टेबल, गिऱ्हाइकासाठी एक स्टूल. मागच्या दोन खोल्यांत आम्ही तिघं.

"कोण पाहिजे?" यांनी मान वर न करता विचारलं.

"मी आरोग्य केंद्रातून आलेय. तुमची डोळ्यांची चिठ्ठी मोठ्या दवाखान्यात पोचलीच नाही."

"चिठ्ठीला पाय नसतात."

"म्हणून तर मला पाठवलं. मला दोन आहेत. एक दुखतो, पण कामाला येतो."

हे हसले नाहीत. यांना साखर आहे. केंद्रातल्या डॉक्टरांनी डोळ्यांसाठी मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली होती, ती दोन महिने कागदी नमुन्यांखाली पडून होती. मी विचारलं की हे 'बघू' म्हणायचे, आणि आमच्या घरात 'बघू' म्हणजे नाही.

बाई स्टुलावर बसल्या. वय अठ्ठावन्नच्या आसपास, केस आखूड, खांद्यावर मळकी पिशवी. त्यांचं खरं नाव केंद्रात कुणी घेत नाही. एकोणिसाव्या वर्षापासून त्या एका सिनेमा थिएटरात होत्या. हातात बॅटरी घेऊन उशिरा आलेल्यांना अंधारात खुर्चीपर्यंत पोचवायचं, एवढंच काम. तिथे पडलेलं नाव अजून चिकटून आहे. नवरा त्याच थिएटरात सिनेमा दाखवायचं मशीन चालवायचा. तो गेला, मग थिएटरही बंद झालं. दोन वर्षं त्या घरी बसून होत्या. मग केंद्रातल्या थोरल्या सिस्टरनी बोलावून घेतलं. सिस्टरांच्या आईला त्या कधीकाळी दर रविवारी खुर्चीत नेऊन बसवायच्या.

केंद्रात त्यांना औषधाच्या कपाटाला हात लावायची परवानगी नाही. ज्यांना चिठ्ठी मिळाली आणि जे गेले नाहीत त्यांच्या घरी जायचं, त्यांच्यासोबत बसमधून मोठ्या दवाखान्यात जायचं, रांगेत उभं राहायचं, डॉक्टर बोलतील ते लिहून आणायचं, आणि माणूस परत घरी सोडायचा. सिस्टर मला एकदा म्हणाल्या, "पूर्वी दहा चिठ्ठ्या दिल्या की चार पोचायच्या. ही आल्यापासून आठ पोचतात. उरलेले दोघं हिच्या हातून कसे सुटले तेच नवल."

त्या दिवशी मात्र त्या चिठ्ठीबद्दल पुन्हा बोलल्या नाहीत. टेबलावरच्या सुयांच्या उशीकडे बघत बसल्या. उशीत बावीस सुया होत्या, सगळ्या ओवलेल्या. पांढरा, काळा, निळा, राखाडी, असे दोरे खाली लोंबत होते.

"एवढ्या सुया कोण ओवून ठेवतं?"

"मी," मी म्हटलं. सांगताना मला बरंच वाटलं होतं. "रोज सकाळी. मशीनची सुईसुद्धा. एका सुईला एकदा देवाचं नाव घेते. यांचं कामही होतं आणि माझं नामस्मरणही."

शेजारपाजारच्या बायका म्हणायच्या, नवऱ्याची सेवा करावी तर हिनं. मी वरवर नको नको म्हणायचे, पण ऐकायचे.

"आणि मधेच दोरा तुटला तर?"

"हाक मारतात."

बाई यांच्याकडे वळल्या नाहीत, माझ्याकडेच बघत राहिल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "कधीपासून हे?"

मला आठवेना. मी रोज वहीत चार ओळी लिहिते. काय स्वयंपाक केला, सासूबाई काय म्हणाल्या, किती नाम झालं. म्हणून वही आणली. पानं मागे मागे उलटली. बावीसच्या आधी अठरा. त्याआधी बारा. पावणेदोन वर्षांपूर्वीच्या एका पानावर होतं, 'आज यांनी दोन सुया ओवून मागितल्या. चष्मा सापडत नव्हता.' चष्मा त्या दिवशी डोळ्यांवरच होता, हेही मीच खाली गंमत म्हणून लिहिलेलं.

मी ते मोठ्यानं वाचलं. वाचून झाल्यावर कळलं की मी काय वाचलं. आकडे वाढत गेले तेव्हा मी नाम वाढलं म्हणून खूश होत होते.

मशीन थांबली होती. हे म्हणाले, "वय झालं की सगळ्यांचंच होतं."

"होतं ना," बाई म्हणाल्या. "वहिनी, ही पानं मला कागदावर उतरवून द्या. तारखांसकट. डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतात आणि कुणालाच उत्तर येत नाही."

मी उतरवून दिली. रडूही आलं नाही. अक्षर नेहमीपेक्षा चांगलंच आलं.

यांची खरी अडचण वेगळी होती. तपासणीसाठी डोळ्यांत थेंब घालतात, त्यानंतर तीन-चार तास धड दिसत नाही. मोठ्या दवाखान्यात खिडकीवरच विचारतात, सोबत कोण? सोबत नसेल तर थेंबच घालत नाहीत, परत पाठवतात. मी सासूबाईंना सोडून जाऊ शकत नव्हते. मुलगा परगावी. आणि कुणाला सोबत ये म्हणणं यांच्या स्वभावात नाही. चिठ्ठी यासाठी पडून होती, हे मला बाईंनी यांच्या तोंडून काढलं तेव्हा कळलं.

"मी काय लहान मूल आहे, धरून न्यायला?" हे म्हणाले.

"नाही. लहान असता तर कडेवर घेतलं असतं. मंगळवारी सातची बस. नाश्ता करून या, उपाशी आलात तर मला तुमची चक्कर सांभाळावी लागेल."

मंगळवारी हे गेले. दुपारी परत आले तेव्हा बाईंच्या कोपराला धरून चालत होते. त्या कुणाचा हात धरत नाहीत. आपलं कोपर पुढे करतात, अर्धं पाऊल पुढे चालतात, आणि उंबरा, पायरी, खड्डा आधीच सांगतात. बाईंनी दारातच सगळं सांगून टाकलं, डॉक्टर म्हणाले तसं. साखरेनं डोळ्याच्या मागच्या पडद्यावर रक्त सांडलंय. डावा डोळा जवळजवळ गेला, तो परत येत नाही. उजवा वाचवायचा तर लेझर, चार वेळा, दर पंधरा दिवसांनी. मधेच सोडायचं नाही.

"जन्मभर पडद्याकडे पाठ करून उभी राहिले," त्या म्हणाल्या, "आता म्हातारपणी पडद्याचंच काम नशिबी आलं."

मी पाणी आणलं. त्यांनी स्वतःच्या बाटलीतलंच प्यायलं.

त्या दिवसानंतर मला काही जाणवेनासं झालं. मी स्वयंपाक करत होते, सासूबाईंना कूस बदलून देत होते, सकाळी सुया ओवत होते, कारण त्या नाही ओवल्या तर दुकान बंद. नाम मात्र तोंडात यायचं आणि मला ते दुसऱ्याच कुणाचं वाटायचं. देवाशी भांडावं असंही वाटलं नाही.

लेझर दोनदा झालं. तिसऱ्या वेळेच्या आदल्या दिवशी हे म्हणाले, "मी जाणार नाही."

"का?"

"त्यानं अजून कमी दिसतं. संध्याकाळी तर सगळं राखाडी. डोकं फुटतं. आणि लग्नाचा कोट गुरुवारी द्यायचाय."

मंगळवारी सकाळी बॅटरीबाई साडेसहाला आल्या. हे बनियनवर मशीनपाशी बसून होते. बाईंनी काही समजावलं नाही. स्टुलावर बसल्या आणि घड्याळाकडे बघत म्हणाल्या, "थिएटरात एक गृहस्थ असेच. मला म्हणाले, बाई, बॅटरी तिकडे करा, मला दिसतं. तरातरा पुढे गेले आणि परक्या बाईच्या मांडीवर बसले. बाईचा नवरा शेजारीच. पुढचा सिनेमा पडद्यावर कमी आणि खाली जास्त झाला."

हे हसले. पण उठले नाहीत. "कोट," एवढंच म्हणाले, आणि सवयीनं सुयांच्या उशीकडे हात नेला.

उशी रिकामी होती. बावीसच्या बावीस सुया मी काड्यापेटीत घालून ठेवल्या होत्या. बाईंनी मला तसं सांगितलं नव्हतं. पहाटे उठले, दोरा हातात घेतला आणि बोटं पुढे गेलीच नाहीत.

"सुया?" यांनी विचारलं.

मी काड्यापेटी आणि दोऱ्याचं रीळ त्यांच्यापुढे ठेवलं. "तुम्ही ओवा."

"आज काय उपास आहे का हाताचा?"

"नाही. आजपासून मी ओवणार नाही."

"देवानं सांगितलं वाटतं."

"देवानं नाही. मीच म्हणतेय."

यांनी एक सुई काढली. खिडकीकडे वळले. दोऱ्याचं टोक ओलं केलं. दोरा सुईच्या उजवीकडून गेला, मग डावीकडून गेला. तिसऱ्या वेळी बोटाला टोचलं. आतून सासूबाईंनी विचारलं, "कोण आलंय?" माझ्यासमोर माझा नवरा हरत होता आणि मी हात पदरात गुंडाळून उभी होते. चाळीस वर्षं यांच्या दोऱ्याचं टोक सुईत गेलेलं मी बघितलंय, एका झटक्यात, न बघता.

आठव्या की नवव्या वेळी यांनी सुई खाली ठेवली.

"किती वाजले?"

"सहा पन्नास," बाई म्हणाल्या. "चाललात तर बस मिळेल. पळावं लागणार नाही. माझा पाय पळत नाही."

यांनी शर्ट घातला. बटणं वरखाली लागली होती, ती बाईंनीच बसथांब्यावर सांगितली असणार, कारण परत आले तेव्हा नीट होती.

कोट गुरुवारी गेला नाही. गिऱ्हाईक दारात उभं राहून बरंच बोललं. म्हणालं, तुमच्यासारख्या जुन्या माणसाकडून ही अपेक्षा नव्हती. हे ऐकून घेत राहिले. शेवटी मीच कापड घडी करून त्याच्या हातात दिलं.

चौथं लेझर झालं. सुया मी पुन्हा ओवल्या नाहीत, हे दिव्याखाली चाचपत एखादी ओवायचे आणि नाही जमलं की सवयीनं हाक मारायचे. मग तपासणीची तारीख आली सहा महिन्यांनी. त्या दिवशी बाई म्हणाल्या, "वाट आता यांना पाठ आहे. या वेळी वहिनी, तुम्ही जा. म्हातारीपाशी मी बसते."

"तुमचं हे काम नाही."

"मग काय आहे माझं काम? कागदावर दाखवा कुठे लिहिलंय."

चार वर्षांत पहिल्यांदा मी बसमध्ये बसले. दवाखान्याच्या बाकावर चार तास बसले. माझ्या शेजारी एक मुलगी आपल्या वडलांना पेपरातल्या बातम्या वाचून दाखवत होती. डॉक्टरीण तरुण होती. यांना तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावली. डावा डोळा झाकला तेव्हा यांनी पाच ओळी वाचल्या. उजवा झाकला तेव्हा काहीच बोलले नाहीत.

"उजवा जसा होता तसाच टिकलाय," ती म्हणाली. "आणखी दोन-तीन महिने उशीर केला असता तर आज हासुद्धा नसता. कोण घेऊन आलं तुम्हाला?"

हे म्हणाले, "केंद्रातल्या एक बाई."

घरी पोचलो तेव्हा बॅटरीबाई दारात चपला घालत होत्या. "म्हातारी झोपली आहे. दोनदा पाणी मागितलं, एकदा मला चोर म्हणाली. चादर बदललीय. मला अजून एका घरी जायचंय, ते महाशय आजारी नाहीत म्हणतात." मी डॉक्टरणीचं बोलणं सांगितलं. त्यांनी ऐकलं, पिशवीतून वही काढली, यांच्या नावापुढे एक रेघ मारली आणि गेल्या.

यांच्या डोळ्यांतल्या थेंबांचा अंमल उतरायला संध्याकाळ झाली. तेवढ्यात एक माणूस कोटाचं कापड घेऊन आला. यांनी ते बोटांत धरून पाहिलं, चांगलं आहे म्हणाले, आणि परत केलं.

"कोट आता होत नाही माझ्याकडून. पडदे, उशांचे अभ्रे, चादरीची किनार. सरळ शिलाई असेल ते आणा."

तो गेला. यांनी अभ्र्यांचं कापड ओढून घेतलं आणि दिवा जवळ केला. मी मागच्या खोलीत भाजी निवडत होते. मला आनंद व्हायला हवा होता. वाट पाहिली, आला नाही. मशीन सुरू झाली, मध्ये दोरा तुटून थांबली, बऱ्याच वेळानं पुन्हा सुरू झाली. हाक आली नाही.