प्लगचा रंग

त्या गाडीने मला वेड लावलं होतं. जुनी, सेकंडहँड टू-स्ट्रोक फटफटी. तिला मी वेल्डरकडून मध्येच फुगीर असा नवा सायलेन्सर बनवून घेतला आणि ती अशी सुटली की विचारू नका. चौथ्याच दिवशी पिस्टन जाम. वडील हातमागावर होते. धोटा न थांबवता म्हणाले, "अजून एकदा जाम झाली, तं विकून टाकीन." ते बोलले म्हणजे बोलले.

दोष मला कळत होता. नवा सायलेन्सर इंजिनाला हवा जास्त ओढायला लावतो, पेट्रोल मात्र जुन्याच बारीक भोकातून येतं. इंजिन उपाशी राहून तापतं. ते भोक कार्बोरेटरमधल्या पितळी जेटला असतं. मोठा जेट बाजारात मिळेना, म्हणून जुनाच सुईने घासून त्याचं भोक मोठं करायला लागलो. किती घासायचा ते प्लग सांगतो: पांढरा पडला तर इंजिन उपाशी, काळा तर अजीर्ण, कॉफीसारखा तर पोटभर जेवण.

उमरेड रोडवर गाडी पळवून यायचो, घरी प्लग काढायचो. नेहमी काळा. म्हणजे भोक फार मोठं झालं, असं समजून मी लहान जेट शोधायला निघालो. तेवढ्यात सूत रंगवत बसलेल्या मायने हटकलं.

"कुठं पाहिला रंग?"

"घरी."

"बजारातून हळूहळू आला न? मंग तो बजारचा रंग हाय. मी सूत भट्टीवरच पाहतो. थंडं झाल्यावर रंग दुसराच दिसते."

हळू चालवताना प्लग काळाच पडतो, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. लहान जेट लावला असता तर गाडी त्याच दिवशी जाम झाली असती.

"तपकिरीतलं तुले काय कळते? चाल, मी येतो," म्हणत तिने पदर खोचला.

माय पहिल्यांदाच गाडीवर बसली होती. शहर संपल्यावर मी पूर्ण रेस दिली. तिची बोटं माझ्या खांद्यात रुतली, आणि माझं मन आनंदाने उडत होतं. भर वेगातच इंजिन बंद केलं, क्लच दाबून गाडी थांबवली, फडक्याने गरम प्लग काढला. मायने तो उन्हात धरला.

"फिका हाय. घास अजून."

रस्त्याच्या कडेला बसून घासलं. पुन्हा पळवली. पुन्हा फिका. तिसऱ्यांदा तिने प्लग बराच वेळ फिरवून पाहिला.

"हा पाहाय. काताच्या रंगात बुडवल्या सुतासारखा."

परत येताना मी मोठमोठ्याने गात होतो. वडिलांनी माग थांबवला आणि मायकडे पाहिलं.

"झाली का जाम?"

"नाही. उद्या मले उमरेडले माहेरी जाचं हाय," माय म्हणाली. "एष्टीनं नाही जात."